इमान

आमच्याकडे म्हातारी माणसं विमानाला इमानच म्हणतात.
मी दुरुस्त करत नाही.
घाटंजी रोडला, खताच्या दुकानाला लागून माझं केंद्र :
सातबारा, आधार, झेरॉक्स,
आणि तीन वर्षांपासून शटरवर स्केचपेननं :
विमानाचे तिकीट मिळेल.

स्वस्त विमान नेहमी कोंबड्याच्या आधी उडतं.
पडद्यावर दोन हजार एकोणतीस दिसतात,
पैसे भरेस्तोवर सत्तावीसशे होतात.
खिडकीचे वेगळे, पाय लांब करायचे वेगळे.
समोरच्याला वाटतं, मधले मी खाल्ले.
मी पडदा त्याच्याकडे फिरवतो.
तो पडदा वाचत नाही,
माझं तोंड वाचतो.

अय्यूबभाईची जीप अकरा माणसं भरल्याशिवाय हलत नाही,
तरी तिला कोणी शिव्या देत नाही.
आर्णीच्या अलीकडे टायर फुटलं
तेव्हा त्यानं सगळ्यांना चहा पाजला,
ट्रॅक्टर अडवून बाया पुढे धाडल्या.
कंपनी म्हणते, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
एकेचाळीस मिनिटं म्हणते.

सुगत वानखडेचा पुण्यात इंटरव्ह्यू होता.
चुलतभावाचा शर्ट घालून रात्री दहाला निघाला.
पावणेबाराला मेसेज आला, विमान रद्द.
आला माझ्या फोनवर,
कारण तिकिटात नंबर मीच माझा टाकला होता,
आणि फोन होता पिठाच्या डब्यावर, चार्जिंगला, मुका.

पैसे परत मिळाले, पण नोटा नाही,
क्रेडिट. सहा महिन्यांत वापरा.
सुगत म्हणाला, नोकरीचं बी क्रेडिट भेटते का, भाऊ?
मी गल्ल्यातून रोख दिले, क्रेडिट माझ्या नावावर घेतलं.
मी, जो अजून नागपूरच्या विमानतळाच्या
पार्किंगपुढे गेलो नाही.
ते फाल्गुनात वाया गेलं.
त्याच्या आईनं दोन महिने
माझ्याकडून साधी झेरॉक्स काढली नाही.
बरोबर होतं तिचं.
कंपनी तिला कुठे भेटणार होती?

रुखमाबाई टेकाम बंगळुरूला गेली, लेकीच्या बाळंतपणाला.
पिशवीत तुरीची डाळ, मोहफुलं, डिंकाचे लाडू.
काट्यावर सतरा किलो दोनशे.
पंधराच चालतात.
काउंटरवरची पोरगी जांभळ्या कपड्यातली,
तिनं आधी विचारलं, कोणाला नेता आजी?
मग पिशवीतली शाल काढून हिच्या खांद्यावर टाकली,
लाडवाचा डबा हिच्या हातात दिला,
पुन्हा वजन केलं. पंधरा.
आणि हिला वाचता येत नाही हे न विचारता ओळखून
तळहातावर पेनानं काढला पाचाचा आकडा,
म्हणाली, असाच जिथं दिसन तिथं बसा.
रुखमाबाईनं बंगळुरूपर्यंत मूठ उघडली नाही.

परवा ती पुन्हा आली. नातवाचं जावळ.
मले थ्या पोरीच्याच इमानाचं काढून दे, बापू.
नाव? माहीत नाही. जांभळी होती.
मी शोधलं.
कंपनी तीच, सुगतवाली.
दुसरीचं तिकीट तीनशे चाळीसनं कमी.
मी तिला सगळं सांगितलं, सुगतचं,
पिठाच्या डब्याचंसुद्धा, जे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.
तिनं पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या,
तीनशे चाळीस वरून ठेवले.
त्या रातच्याला थे पोरगी तिथं नसन, म्हणाली.

ती आताही तिथे असेल का, मला माहीत नाही.
सांगितलं नाही. छापून दिलं.
फॉर्ममध्ये नंबर एकच बसतो.
माझाच टाकला.
फोन आता उशाशी असतो, आवाज चालू ठेवून.
बायको म्हणते, कोणाची वाट पाहता?